माळवद उतरवलं

आज औशाच्या जुन्या घराचं माळवद, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांवरचं मातीचं छत, उतरवलं. जेसीबीवाला म्हणला, "दोन तासांत सपाट करतो." पण शेजारच्या काकूंची भिंत आमच्या भिंतीला चिकटून, म्हणून माणसंच लावली. गुत्तं (कामाचा ठेका) ठरवताना खरी घासाघीस सागवानावर! शेवटी तुळया आमच्या. पत्रे अन् तारकंपाउंडचे अँगल गुत्तेदाराला, तेवढी मजुरी कमी.

आधी मीटरची वायर काढून घेतली. मग वरची माती टोपल्यांनी खाली, मग फळ्या, तुळया. भिंती सगळ्यात शेवटी. माती संपता संपेना. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात असल्याच दगड-मातीखाली माणसं गेली. तरी आईचं चालूच, "उन्हाळ्यात गारवा होता गं." स्लॅबखाली कूलर लावू म्हटलं, तर म्हणे बिल कोण भरणार?

उद्या ट्रॅक्टर येतोय. कुणाला भरावाला माती हवी असेल तर कळवा, फुकट आहे.