‘अजून नाही’ या रकान्याविषयी

रेडिंगहून सोलापूरला निघण्याच्या आदल्या आठवड्यात आमच्या दारात एक जाडजूड लिफाफा येऊन पडला. इंग्लंडमध्ये मूल दोन ते अडीच वर्षांचे असताना हेल्थ व्हिजिटर म्हणजे बालविकास तपासणारी परिचारिका त्याला पाहते आणि तिच्या भेटीपूर्वी आईवडिलांनी एक प्रश्नावली भरून ठेवायची असते. भेट परतल्यानंतरची होती, म्हणून मी लिफाफा पर्समध्ये टाकला आणि माहेरी, अशोक चौकाजवळच्या घरात, सगळ्यांसमोर तो उघडण्याची चूक केली.

आमचे चिरंजीव तेव्हा सव्वादोन वर्षांचे होते. पोहोचल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी शेंगाचटणीचा डबा वॉशिंग मशीनमध्ये रिकामा केला होता, आणि गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, गर्दीत होम मैदानावर माझा हात सोडवून थेट पाळण्याकडे धूम ठोकली होती. बोलण्याच्या नावाने मात्र आनंद होता. या वयात साधारण पन्नास शब्द यावेत आणि दोन शब्द जोडता यावेत अशी अपेक्षा असते; आमच्याकडे भू, मम, टाटा धरून अकरा शब्द होते, आणि त्यांत ‘आई’ नव्हती.

रेडिंगमध्ये ही गोष्ट कोणी तोंडावर विचारत नाही, सगळे हवापाण्याविषयी बोलतात. सोलापुरात दारात चप्पल काढतानाच पाहुण्याने विचारले, ‘‘अजून बोलंना का ह्यो?’’ मग सल्ले सुरू झाले. वेखंड उगाळून चाटवा, पोपटाने उष्टावलेला पेरू द्या, मोबाइल बंद करा. (मोबाइल आम्ही फक्त जेवताना देतो, वीस मिनिटे, बरे, अर्धा तास.) आईने माझ्या भावाचा दाखला दिला, की तो साडेतीन वर्षांचा होईपर्यंत ‘ब्र’ काढत नव्हता आणि आता वकिली करतो. हे सगळे मी हसून सोडून दिले असते, पण एका सल्ल्याने माझे डोके फिरले: घरात मराठी आणि बाहेर इंग्रजी बोलून तुम्हीच पोराला गोंधळात टाकले आहे, तेव्हा मराठी बंद करा. हे सांगणारे काका सोलापूरचे होते, म्हणजे अशा गावचे, जिथे आमच्या दूधवाल्याशी कानडीत, शेजारच्या अम्मांशी तेलुगूत आणि शिंप्याशी दखनीत बोलल्याशिवाय दिवस पार पडत नाही, आणि जिथे माझा हाच उशिरा बोललेला भाऊ शाळेत जाण्यापूर्वी चारही भाषांत शिव्या देत होता. दोन भाषांमुळे मूल बोलायला अडखळत नाही, हे वाचातज्ज्ञ किती वर्षे सांगत आहेत. शब्द मोजताना सर्व भाषांतले मिळून मोजतात. मी काकांना हे जरा चढ्या आवाजात सांगितले, आणि आईला ते आवडले नाही.

प्रश्नावली मात्र मला आवडली, आणि याचा मला थोडा रागही आला. मुलाला काय काय जमते, या प्रत्येक प्रश्नापुढे तीनच रकाने आहेत: होय, कधीकधी, आणि अजून नाही. नुसते ‘नाही’ तिथे कुठेच नाही. मूल दोरीत मणी किंवा मॅकरोनी ओवते का, असा एक प्रश्न होता. घरात मॅकरोनी नव्हती. शेजारच्या अम्मांच्या घरी पूर्वी माग होते, त्यांनी माळ्यावरून रिकाम्या कांड्या काढून दिल्या, आणि चिरंजिवांनी बुटाच्या नाडीत पाच कांड्या ओवून सहावी बादलीत टाकली. बोटाने न दाखवता सांगितलेले कळते का, हे पाहायला मी ‘‘टॉवेल आण’’ म्हटले, तर त्यांनी आजोबांचा ओला पंचा आणून दिला. कळते सगळे, दोन्ही ठिकाणी होय.

आपल्याकडे असे काही नाही, असे मात्र कोणी समजू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे, त्याची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा येतात आणि विकासातला उशीर हा त्यांच्या तपासणीचा एक भाग आहे. आम्हीच अंगणवाडीपर्यंत पोहोचलो नव्हतो.

बोलायला उशीर झाला की आधी कान पाहायचे असतात. जन्मल्यावर झालेली श्रवणचाचणी ठीक होती, या भरवशावर मी स्वस्थ बसले होते. पण कानाच्या पडद्यामागे द्रव साचणे हे नंतरही होऊ शकते आणि लहान मुलांत ते सर्रास होते. रेडिंगमध्ये कान पुन्हा तपासायला आम्हाला चार महिन्यांनंतरची तारीख मिळाली होती, सोलापुरात दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला. चिरंजीव माझ्या मांडीवर, कानात रबरी टोकाची छोटी नळी, आणि यंत्राच्या पडद्यावर आलेख. उजव्या कानाच्या आलेखाला डोंगरासारखा उंचवटा आला. डाव्याची रेघ सपाट गेली. डॉक्टर म्हणाले, डाव्या कानाच्या पडद्यामागे पाणी आहे, बहुधा आपोआप जाईल, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. आणि हेच बोलण्याच्या उशिराचे कारण असे आत्ताच धरू नका. मी अर्थातच तेच धरले. त्या संध्याकाळी काकांना मुद्दाम फोन केला.

आम्ही निघण्याच्या दोन दिवस आधी बारावा शब्द आला. अम्मा दिवसभर त्याला ‘‘इटु रा, इटु रा’’ म्हणून हाका मारत. त्याने अंगणातल्या मांजरीला हात हलवून ‘‘रा’’ म्हटले. मी तो यादीत लिहिला आणि पुढे तेलुगू, अर्थ ‘ये’, अशी नोंद केली.

फेब्रुवारीत रेडिंगला परिचारिकेने यादी वाचत वाचत त्या शब्दावर बोट ठेवले आणि याचा उच्चार असाच का, म्हणून तो मोठ्याने म्हणून पाहिला. चिरंजीव सोफ्यामागून धावत आले. त्यांच्या हातात तिच्या मोटारीची किल्ली होती. किल्ली परत घेऊन तिने बाराव्या शब्दावरही बरोबरची खूण केली, आणि दोन शब्द जोडतो का, या खालच्या प्रश्नापुढे मी आधीच भरलेला ‘अजून नाही’ तसाच राहू दिला.