शाळेच्या घंटेसाठी आरटीसी निवडताना

बार्शीजवळच्या एका गावातल्या शाळेसाठी आपोआप वाजणारी घंटा बनवून द्यायची होती. अर्डुइनो नॅनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड, घंटेचा स्विच म्हणून एक रिले, चार आकडी डिस्प्ले, एवढाच पसारा. जागा मात्र नावालाच जागा: ऑफिसच्या पत्र्याखाली, भिंतीवर पार वर. मुख्याध्यापकांना विचारलं, "सर, मिनिटभर मागेपुढे झालं तर चालेल का?" म्हणाले, "चालेल हो. पण दर महिन्याला शिडी लावून वेळ जुळवायला कोण चढणार? शिपाईमामा निवृत्तीला आलेत." माझ्यासाठी खरं स्पेसिफिकेशन हेच.

आरटीसी म्हणजे रिअल टाइम क्लॉक, लाइट गेली तरी सेलवर वेळ मोजत राहणारी चिप. ती न घेता नॅनोवरच वेळ मोजण्याचा पर्याय लगेच बाद झाला. त्यावर ठोके देण्यासाठी बहुधा सिरॅमिक रेझोनेटर हा साधा भाग असतो आणि त्याची चूक अर्ध्या टक्क्यापर्यंत जाऊ शकते, म्हणजे दिवसाला सात मिनिटं. शिवाय लाइट गेली की वेळही गेली. वायफायवरून वेळ घ्यावी, तर शाळेत इंटरनेट म्हणजे सरांच्या खिशातला मोबाइल.

मग आरटीसी चिप डीएस१३०७. स्वस्त, कुठेही मिळते, पाच व्होल्टवर चालते. या चिपला बाहेरून ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल, म्हणजे ठरावीक गतीने कंप पावणारा क्वार्ट्झचा तुकडा, जोडावा लागतो, आणि सगळी मेख त्या क्रिस्टलमध्ये आहे. २५ अंशांच्या आसपास तो नीट चालतो. तिथून तापमान वर गेलं तरी तो मंदावतो आणि खाली आलं तरी मंदावतो. साधारण ०.०३४ पीपीएम (दहा लाखांत किती भाग चूक ते) गुणिले तापमानातल्या फरकाचा वर्ग, असा हिशेब. पत्र्याखाली एप्रिलमध्ये डब्यात ५० अंश धरले तर फरक २५, त्याचा वर्ग ६२५, म्हणजे २१ पीपीएम. क्रिस्टलची मूळची २० पीपीएमची चूक त्याच दिशेने पडली तर एकूण ४१. एक पीपीएम म्हणजे दिवसाला ०.०८६ सेकंद, त्यामुळे महिन्याला पावणेदोन मिनिटं घड्याळ मागे. शिडी आलीच.

दुसरी आरटीसी डीएस३२३१. तिच्यात क्रिस्टल चिपच्या पोटातच असतो. ती दर ६४ सेकंदांनी स्वतःचं तापमान मोजते आणि त्याप्रमाणे क्रिस्टलची गती सावरून घेते. ० ते ४० अंशांत २ पीपीएम, त्याबाहेर ३.५ पीपीएम. वाईटात वाईट धरलं तरी वर्षाला दोन मिनिटांच्या आत. दोन्ही चिप शेजारी शेजारी ठेवून बघायचं ठरवलं, पण आय-टू-सी या दोन तारांच्या जोडणीवर (बसवर) दोघींचा पत्ता एकच, हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) ६८. एका बसवर दोघी नांदत नाहीत, म्हणून दोन नॅनो लावले. वेळेची रजिस्टरंही (चिपमधले आकडे ठेवायचे कप्पे) दोन्हींत त्याच जागी असल्यामुळे कोड जवळजवळ तोच चालला. महिनाअखेरीस मोबाइलशी ताडून पाहिलं, तर डीएस१३०७ मिनिटाहून जास्त मागे पडली होती आणि डीएस३२३१ चा फरक नुसत्या डोळ्यांना कळत नव्हता.

आरव्ही-३०२८ या तिसऱ्या आरटीसीवरही जीव जडला होता. बॅटरीवर ४५ नॅनोअँपिअर खाते, क्रिस्टलही आतच. पण तांदळाच्या दाण्याएवढी चिप हाताने सोल्डर कोण करणार? आणि माझा डबा मेन्सवर चालतो. बॅटरीचा उपयोग लाइट गेल्यावर आणि मे महिन्यात शाळा बंद असताना, तेवढाच. डीएस३२३१ बॅटरीवर सतत ३ मायक्रोअँपिअर घेते असं धरलं तरी २२० एमएएचचा सीआर२०३२ सेल कागदावर आठ वर्षं पुरतो. नॅनोअँपिअरची चैन ज्याला सेलवरच जगायचंय त्याने करावी.

डीएस३२३१ चं बाजारात मिळणारं निळं मॉड्यूल घेतलं की आधी एक काम करायचं. त्यावर सेल चार्ज करायची सोय असते: २०१ लिहिलेला रेझिस्टर आणि त्याला लागून काचेचा छोटा डायोड. ही सोय रिचार्जेबल एलआयआर२०३२ साठी. साधा सीआर२०३२ घातला तर पाच व्होल्टवर त्यालाही चार्ज करत बसते, आणि तो सेल चार्ज करायचा नसतोच. रेझिस्टरच्या दोन्ही टोकांना थोडं जास्तीचं सोल्डर देऊन टोकं आळीपाळीने तापवली की तो सोल्डरिंग आयर्नच्या टोकाला चिकटूनच येतो. चिपवरचं नावही वाचून घ्या. डीएस३२३१एम ही वेगळी जात, क्रिस्टलऐवजी मेम्स, म्हणजे सिलिकॉनचा सूक्ष्म कंपक, चूक ५ पीपीएमपर्यंत. घंटेला तीही चालली असती, पण पैसे क्रिस्टलवाल्या डीएस३२३१एसएनचे दिले असतील तर एसएनच मागावी.

हेक्स ०एफ या स्टेटस रजिस्टरचा सर्वात वरचा बिट बहुतेक जण वाचतच नाहीत. ऑसिलेटर, म्हणजे क्रिस्टलवर चालणारं ठोके देणारं सर्किट, मध्येच थांबला असेल, उदाहरणार्थ लाइट नाही आणि सेलही संपलेला, तर तो १ होतो. माझा कोड सुरू होताना आधी तोच बघतो. १ दिसला की डिस्प्लेवर चार आडव्या रेघा आणि घंटा बंद. भलत्या वेळी घंटा होऊन पोरं घरी पळण्यापेक्षा शिपाईमामांनी हाताने टोल दिलेला परवडला.

शनिवारची शाळा सकाळची, म्हणून वारही लागतो. ही चिप तारखेवरून वार काढत नाही, फक्त १ ते ७ मोजत राहते. सोमवार १ असं मी ठरवलं आणि वेळ भरताना वार कोडनेच तारखेवरून काढून लिहिला. तासांचं वेळापत्रक त्याच मॉड्यूलवरच्या चार किलोबाइटच्या ईईप्रॉममध्ये (लाइट गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत) ठेवलंय, त्यामुळे परीक्षेच्या दिवसांत सर दोन बटणं दाबून दुसरं वेळापत्रक लावतात. बटणं मात्र लांब वायरने खाली, टेबलाच्या उंचीवर आणलीत.