रक्तातून समजलं नसतं का?

कापूस वेचणी उरकली की आमच्या दवाखान्यात गर्दी वाढते; तोवर माणसं दुखणं अंगावर काढतात. यवतमाळकडचे ते पन्नाशीचे शेतकरी असेच आले. सोबत बी.एस्सी. करणारी मुलगी. हिमोग्लोबिन ६.८, वजन इतकं उतरलेलं की पॅन्ट सुतळीनं बांधलेली.

"ॲसिडिटी हाय जी. गोळी घेतली का बरं वाटते."

दिवाळीपासून मेडिकलमधून पॅन्टोप्राझोल चालू होतं. शौचाला काळी होते का, विचारल्यावर मान खाली घालून "होते" म्हणाले; म्हणजे पोटात रक्त जात असावं. मला याचाच संताप येतो. ही गोळी पोटातली आग शमवते, आणि कधीकधी कर्करोगाचा व्रणही वरवर भरल्यासारखा दाखवते. वजन घटलेल्या माणसाला दुर्बिणीशिवाय ती महिनोन्‌महिने देऊच नये.

दुर्बीण घातली. जठराच्या खालच्या भागात उंच, वेड्यावाकड्या कडांचा व्रण; चिमटा लागताच रक्त. तुकडे तपासणीला पाठवले, पण कर्करोगाचा अंदाज आलाच होता.

बाहेर मुलीनं विचारलं, "सर, हे रक्तातून आधी समजलं नसतं का? आम्हाला मायक्रोआरएनए शिकवलंय."

मी तिच्याशेजारी बसलो. व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना १९९३ मध्ये एका चिमुकल्या कृमीत हे सापडलं. २०२४ चं नोबेल त्यासाठीच. मायक्रोआरएनए म्हणजे आरएनएचा जेमतेम २२ अक्षरांचा तुकडा, पण जनुकाचा निरोप वाटेतच अडवतो, मग त्या निरोपाचं प्रथिन फारसं बनतच नाही. जठराच्या कर्करोगात 'मिर-२१' बहुधा वाढलेला असतो. तो पीटीईएन हे पेशींच्या वाढीला आवर घालणारं प्रथिन दाबतो. असे तुकडे रक्तातही उतरतात आणि तिथं सहजी नष्ट होत नाहीत. म्हणून तर सिंगापूरमध्ये १२ मायक्रोआरएनए मोजणारी रक्तचाचणी निघाली, २०१९ मध्ये तिला मंजुरीही मिळाली. आपल्या तालुक्यात ती आली तर मला हवीच आहे. दुर्बीण कुणाला आधी करायची, हे तरी ठरवता येईल. पक्कं निदान मात्र जठरातून काढलेल्या तुकड्यावरच होतं.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काकालेही असंच होते. तेही गोळ्याच खातात."

सख्खा भाऊ, एकाच घरात वाढलेला. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू बहुतेकदा लहानपणी घरातूनच लागतो, आणि जठराच्या कर्करोगाचं ते मोठं कारण. वडिलांच्या सीटी स्कॅनसाठी नागपूरची चिठ्ठी लिहिली, आजार पसरलेला नसेल तर आधी केमो आणि मग ऑपरेशन, हे समजावलं. मग काकांचं नाव सोमवारच्या दुर्बिणीच्या यादीत घातलं. गोळ्या आजपासून बंद ठेवायच्या की नाही, ते त्यांच्याशी फोनवर बोलून ठरवलं. आदल्या रात्री आठनंतर काकांना काही खायला देऊ नको, हे तिला दोनदा सांगितलं.