पाइप नंबर सहा : आयरिश पिटरसन आणि बेळगावचा पाऊस

मंडळी, जूनपासून इथं काही टाकलं नाही कारण टाकण्यासारखं काही झालंच नाही, नुसता पाऊस. आमच्या बेळगावात आषाढात टॉवेल चार दिवस वाळत नाही, तिथं ब्रायरचं लाकूड (तंबाखूचे पाइप ज्याचे करतात ते) काय वाळणार.

तर नंबर सहा, म्हणजे जुने पाइप जमवून साफ करायच्या माझ्या नादातला सहावा. कँपातल्या एका भंगारवाल्याकडं पितळी नळ, तुटके टेबलफॅन यांच्या ढिगात पडला होता. "घ्या की ओ, साहेबाची चिलीम हाय," म्हणाला. साडेतीनशे. घरी आणून धुतल्यावर शँकवर (तंबाखूच्या वाटीपासून निघणारी लाकडी नळी) बारीक अक्षरं दिसली, पिटरसन, म्हणजे पाइप बनवणारी आयरिश कंपनी, आणि दुसऱ्या बाजूला मेड इन द रिपब्लिक ऑफ आयर्लंड. रिपब्लिक लिहिलंय म्हणजे 1949 नंतरचा, त्याआधीच्या पाइपांवर हा शब्द येत नाही. म्हणजे साहेब असला तरी स्वातंत्र्याआधीचा गोरा साहेब काय नव्हे :) हा सिस्टिम पाइप आहे, शँकच्या आत ओल साठायला छोटी खोबण, आणि तोंडात धरायच्या नळीचं, म्हणजे स्टेमचं, भोक टोकाला नाही तर वरच्या अंगाला, म्हणजे धूर जिभेवर न जाता टाळूकडं जातो. या असल्या टोकाला पी-लिप म्हणतात, त्याचं पेटंट 1898 चं.

बाऊलमधला, म्हणजे तंबाखूच्या वाटीतला, केक (जळून साठलेला कार्बनचा थर) इतका जाड की करंगळी जाईना. पुस्तकी हिशोबानं दीड मिलिमीटरच्या आसपास कार्बन ठेवायचा, जास्त झाला तर तापल्यावर तो लाकडाला आतून ढकलतो आणि बाऊल तडकतो. माझ्याकडं तो खरवडायचा रीमर नाही, गोल काठीला सँडपेपर गुंडाळून तीन संध्याकाळी घासला. मग आतली घाण. बाऊलमध्ये मीठ भरून स्पिरिट ओतायचा उपाय मी सोडलाय, मीठ ओल ओढतं आणि आमच्या हवेत ओल कमी आहे काय? त्याऐवजी कापूस स्पिरिटमध्ये भिजवून रात्रभर बाऊलमध्ये. धुराच्या नळीला पाइप क्लीनर संपले म्हणून आईच्या देवघरातला समईच्या वातींचा पुडा पळवला, तारेला वात गुंडाळायची, स्पिरिटात बुडवायची, आत-बाहेर. पहिली वात बाहेर आली ती काकवीसारखी. आईनं विचारलं वाती कुठं गेल्या, मी म्हटलं उंदीर.

आता स्टेम, आणि इथंच मी माती खाल्ली. स्टेम व्हल्कनाइटचा, म्हणजे गंधक घालून कडक केलेला रबर, एबोनाइट म्हणा, राजमुंद्रीच्या हातपेनांना वापरतात तसलाच. उजेड आणि ओल लागली की वर तपकिरी-हिरवट शेवाळासारखा थर येतो. हे मला पाठ आहे. तरी मी कोमट पाण्यात बुडवून काढला आणि पाऊस थांबून जरा ऊन पडलं म्हणून गच्चीवर वाळत ठेवला, पापडासारखा!! संध्याकाळी उचलला तर मातकट खाकी. मग ऑटो पेंटच्या दुकानातून वॉटर पेपर आणले, 600, 1000, 2000, पाण्यात घासत गेलो, दर वेळी पाणी पिवळं आणि गंधकाचा वास. पी-लिपच्या भोकाजवळ अजून रंग आहे, तिथं पेपर पोचत नाही.

शँकच्या टोकाला चांदीची रिंग आहे, तिची वेगळीच गंमत. शहापूरचा सोनार दोस्त म्हणाला बफ मारतो, दोन मिनिटांत आरसा. मी पाइप त्याच्या हातातून ओढूनच घेतला. रिंगेवर डब्लिनचा हॉलमार्क (चांदी तपासल्याचा शिक्का) आहे, बसलेली बाई (हायबर्निया, म्हणजे आयर्लंडचं प्रतीक), मुकुटवाली हार्प आणि साल सांगणारं अक्षर, ते अक्षर आधीच अर्धं झिजलंय, बफ लागला असता तर सालच गेलं असतं. नंबर दोनचा स्टॅम्प मी असाच चकाचक करायच्या नादात पुसलाय, आज तो पाइप कुणाचा, कधीचा, कुणीच सांगू शकत नाही. दोस्त म्हणाला काळा ठेवून काय मजा. राहू दे की काळा. धोतराच्या जुन्या फडक्यानं हातानं पुसली, तेवढंच.

पाइप ठेवायचे कसे, हे मागं इथं कुणीतरी विचारलेलं. काचेचं शोकेस नको, उजेड लागतो. प्लॅस्टिक पिशवीपण नको, गेल्या वर्षी नंबर तीनवर पांढरी बुरशी आली. आणि रबरबँड तर अजिबात नको, त्यातल्या गंधकानं चांदीवर काळा पट्टा उठतो, अनुभवानं सांगतोय. आता सुती पिशवी, लाकडी पेटी, बुटांच्या बॉक्समधल्या सिलिका जेलच्या पुड्या. ही पेटी निपाणीची, आजोबांच्या तंबाखूच्या वखारीतली. उघडली की अजून जर्द्याचा वास येतो. लोक विचारतात निपाणीचा तंबाखू यात चालतो काय, अहो तो बिडीचा, आणि मी ओढत पण नाही, आजोबांचं खोकणं ऐकत मोठा झालोय.

बाऊलवर कार्नोबा मेणाचा एक हात झालाय, दुसरा रविवारी. आज परत एक वात घालून बघितली, अजून पिवळीच येतेय. पुड्यात चार राहिल्यात.