तुम्ही विचारलेत म्हणून : मालक बदलल्यावर व्हिसाचे काय होते?

अमेरिकेतील नोकरी आवरून जळगावला परतल्यापासून मला एकच प्रश्न दोन प्रकारे विचारला जातो. शिरपूर किंवा धुळ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकून तिकडे गेलेला मुलगा संदेश पाठवतो, तेव्हा तो ‘एच-१बीवर कंपनी बदलता येते का?’ एवढ्याच शब्दांत असतो. एच-१बी म्हणजे शिकलेल्या माणसाला नोकरीसाठी कंपनीच्या अर्जावर मिळणारा अमेरिकेचा व्हिसा. त्याचे वडील चोपड्याहून फोन करतात, तेव्हा तोच प्रश्न ‘ताई, पोऱ्यानी नोकरी सोडी ते त्याले देश बी सोडना पडस का?’ असा येतो. दोघांचीही समजूत अशी असते की व्हिसा कंपनीने काढून दिला, म्हणजे तो कंपनीच्या मालकीचा, आणि कंपनी सुटली की तोही सुटला.

आपल्याकडे ही समजूत सहज रुजते, कारण सालदारकी अजून आपल्या शिवारातून पुरती गेलेली नाही. आखाजीला साल ठरते, सालदार उचल घेतो आणि ती फिटेपर्यंत दुसऱ्याच्या मळ्यात कामाला जाणे त्याला अवघड असते. एच-१बीची बांधणी निराळी आहे. ऑक्टोबर २००० मध्ये अमेरिकेत झालेल्या कायद्याप्रमाणे, जो माणूस रीतसर देशात आला आहे, ज्याने विनापरवाना काम केलेले नाही आणि ज्याची राहण्याची मुदत शिल्लक आहे, त्याच्यासाठी नव्या कंपनीने अर्ज दाखल केला की त्याला तिथे काम सुरू करता येते. मंजुरी येईपर्यंत थांबलेच पाहिजे असे बंधन नाही. जुन्या मालकाची संमती किंवा ना-हरकत पत्र व्हिसाच्या कायद्याला लागत नाही. मात्र ही मोकळीक एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाण्याची आहे, मधल्या जागेत उभे राहण्याची नाही, आणि सगळी अडचण तिथेच आहे.

जुन्या कंपनीचे काही नव्या कंपनीकडे सरकत नाही, हे आधी लक्षात घ्यावे. पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा प्रवेशापुरता असतो, राहण्याची मुदत आय-९४ या नोंदीवर असते आणि काम करण्याचा अधिकार ज्या कंपनीने आय-१२९ हा अर्ज केला तिच्यापुरता असतो. म्हणून नवी कंपनी पगाराची हमी देणारा कागद कामगार खात्याकडून प्रमाणित करून घेते, ज्याला साधारण सात कामाचे दिवस लागतात, आणि मग स्वतःचा नवा आय-१२९ दाखल करते. दरवर्षीच्या ६५,००० आणि अमेरिकी पदव्युत्तरांसाठीच्या २०,००० जागांच्या सोडतीत एकदा नंबर लागलेल्याला पुन्हा सोडतीत उतरावे लागत नाही. विद्यापीठात किंवा तशा सूट असलेल्या संस्थेत लागलेल्या मुलांची गोष्ट वेगळी आहे. खासगी कंपनीकडे जाताना त्यांना सोडत चुकत नाही, आणि ही बाब बहुतेकांना फार उशिरा कळते.

राजीनाम्याविषयी माझे मत कडक आहे. नव्या कंपनीचे पत्र आले, पगार ठरला, वकिलाने कागद मागवले, तरी राजीनामा देऊ नये. अर्ज पोहोचल्याची सरकारी पावती हाती आल्यावरच तो द्यावा. घर, गाडी, शाळेत जाणारी मुले असतील, तर जादा शुल्क भरून १५ कामाच्या दिवसांत निर्णय मिळवण्याची सोय आहे, ती नव्या कंपनीला वापरायला सांगावी आणि मंजुरीनंतरच जागा सोडावी. पावतीवर काम सुरू केले आणि पुढे अर्ज नामंजूर झाला, तर नव्या जागी काम करण्याचा अधिकार तिथेच संपतो. धाडस करायचे असेल तर ते पगाराच्या वाटाघाटीत करावे.

नोकरी आपणहून न सोडता गेली, तर काय? जानेवारी २०१७ पासूनच्या नियमाने काम थांबल्यावर जास्तीत जास्त सलग ६० दिवस किंवा आय-९४ची मुदत, यांपैकी जे आधी संपेल तितका काळ देशात थांबता येते. या काळात काम करता येत नाही, परंतु नव्या कंपनीचा अर्ज याच काळात दाखल झाला पाहिजे. गणना काम थांबल्यापासून होते, त्यामुळे कंपनी पुढे काही महिने भरपाईचा पैसा देत राहिली तरी दिवस वाढत नाहीत. आणि ६० दिवस म्हणजे दोन महिने शोधायला मिळाले, असा हिशेब करणारे फसतात, कारण मुलाखती, वकील आणि कामगार खात्याचे प्रमाणपत्र हे सगळे त्यातच बसवावे लागते. कंपनीने मुदतीआधी काढले असेल, तर मायदेशी परतण्याचा वाजवी प्रवासखर्च तिने द्यायचा असतो. राजीनामा दिला, तर नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी काढलेल्या आदेशातील, एच-१बी अर्जावरच्या एक लाख डॉलरच्या शुल्काने इकडे बरीच घबराट पसरली होती. ऑक्टोबरमधील सरकारी खुलाशानुसार, अमेरिकेत राहून, आपला दर्जा (म्हणजे तिथे कायदेशीर राहण्याची स्थिती) राखून कंपनी बदलणाऱ्याला ते लागू नाही. दर्जा तुटला, तर मात्र हा दिलासाही हातचा जाऊ शकतो.

दर्जा राखल्याचा पुरावा म्हणजे पगाराच्या पावत्या. माझी पहिली कंपनी लहानशी होती आणि मंजुरीपत्राची प्रत मागितली की ‘ती आमच्या फाइलमध्ये आहे’ असे उत्तर देई. शेवटी लेखी मागणी केल्यावर ती मिळाली. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते की मंजुरीपत्र, आय-९४ आणि पगाराच्या पावत्या स्वतःकडे ठेवाव्यात. प्रकल्प नाही म्हणून पगार न देता बसवून ठेवणे कंपनीला कायद्याने करता येत नाही. लवकर सोडल्याबद्दल दंड घेण्यासही मनाई आहे. मात्र आधीच ठरलेली वाजवी नुकसानभरपाई त्या त्या राज्याच्या कायद्यावर अवलंबून असते, आणि भारतात मुद्रांकावर वडिलांच्या सहीने लिहून दिलेला बाँड वकिलालाच दाखवावा.

ग्रीन कार्डाच्या, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याच्या, रांगेतले लोक सर्वांत जास्त घाबरतात आणि माझ्या मते सर्वांत जास्त वर्षे विनाकारण एकाच खुर्चीत काढतात. दरवर्षीच्या ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे भारतीयांची रांग दशकाहून लांब आहे. पण आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर होऊन १८० दिवस झाले असतील, तर जुन्या कंपनीने तो मागे घेतला तरी रांगेतील तारीख टिकते आणि एच-१बीच्या एरवीच्या सहा वर्षांच्या मर्यादेपलीकडची मुदतवाढही मिळू शकते. नव्या कंपनीला ग्रीन कार्डासाठी लागणारे वेगळे श्रम-प्रमाणपत्र आणि आय-१४० पुन्हा करावे लागतात, एवढाच वेळ जातो. जोडीदाराचा एच-४ हा अवलंबिताचा व्हिसा मूळ व्हिसाधारकाच्या दर्जावर चालतो, म्हणून त्याच्या तारखा त्याच वेळी तपासाव्यात. माझ्या नवऱ्याच्या तारखांवर वकिलापेक्षा माझीच नजर जास्त असे.

राहिला आयांचा प्रश्न, की कंपनी बदलल्यावर दिवाळीला येता येईल का. जुन्या कंपनीचे नाव असलेला पासपोर्टवरचा व्हिसा त्याच्या तारखेपर्यंत नव्या मंजुरीपत्रासोबत चालतो. तो संपला असेल, तर मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलात मुलाखत द्यावी लागेल, कारण सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीची सूट बहुतेकांसाठी बंद झाली आहे. म्हणून मुलाखतीची तारीख मिळाल्यावरच तिकीट काढावे, आणि अर्ज प्रलंबित असताना वकिलाला विचारल्याशिवाय देश सोडू नये, असे मी त्यांना सांगते.