दोन मिनिटांचं काम

आज बुटीबोरीत सांडपाण्याच्या टाकीचा पंप अडकला. ठेकेदाराचा पोरगा शर्ट काढून तयारच. "वास तर काहीच नाही येऊन राहिला भाऊ, दोन मिनिटांत वर येतो."

त्या 'वास नाही'नंच पोटात गोळा आला माझ्या. सांडपाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास मारतो. १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकच बधिर होतं. शिवाय हवेहून जड, तळाशी बसून राहतो.

वायू मोजायचा मीटर दोरीनं सोडला. तोंडाशी ऑक्सिजन २०.८ टक्के, मधात २०.१, तळाशी १७.६. साडेएकोणीसच्या खाली उतरायचं नाही म्हणजे नाही. अन् तळाशी गेल्याबरोबर मीटर कोकलायला लागला. पोरगं गप.

आत ताजी हवा ढकलणारा ब्लोअर पाऊण तास चालवला. तेवढ्यात साहेबांचे तीन फोन. (उन्हात टाकीवर उभं राहून 'झालंच सर' म्हणणं हीपण एक कलाच आहे.) पुन्हा तिन्ही ठिकाणी मोजलं, मग पोराच्या अंगाला हार्नेसचे पट्टे, टाकीच्या तोंडावर तिकाटणं, वर दोरीपाशी एक माणूस. त्याला दम भरला, हा खाली पडला तर ओढ, पण वाचवायला आत उडी मारू नको.

पंपात अडकलेलं काय निघालं? तंबाखूच्या खर्र्याची पन्नी.