जुना मदरबोर्ड निवडताना

आज खडेबाजारातल्या एका जुन्या कॉम्प्युटर सामानाच्या दुकानात दोन मदरबोर्ड शेजारी ठेवून बराच वेळ विचार केला. एक इंटेलच्या पी४५ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या चिप्सचा संच), २००८ च्या पिढीतला. दुसरा त्यानंतरचा एच६१. "नवीन तोच घ्या की ओ," असे दुकानदारकाका आग्रहाने सांगत होते आणि घरच्या रोजच्या कामासाठी त्यांचे म्हणणे रास्तच होते.

परंतु ओव्हरक्लॉकिंगसाठी, म्हणजे प्रोसेसर नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवण्यासाठी, हिशेब उलटा बसतो. प्रोसेसरचा वेग म्हणजे मूळ क्लॉकचा वेग गुणिले मल्टिप्लायर. एच६१ वर हा मल्टिप्लायर वाढवण्याची सोय नाही. शिवाय सँडी ब्रिज या एच६१ वर चालणाऱ्या प्रोसेसरांच्या पिढीपासून तो मूळ, म्हणजे बेस क्लॉक इतर घटकांशी जोडलेला असल्यामुळे तो १०० मेगाहर्ट्झच्या फारसा वर जात नाही. पी४५ वर मात्र कोअर टू ड्युओ ई८४०० चा नऊचा मल्टिप्लायर तसाच ठेवून बस (इथला मूळ क्लॉक) ३३३ मेगाहर्ट्झवरून ४०० वर नेली, की ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ३.६ वर जातो आणि साधी डीडीआर२-८०० रॅम (४०० च्या दुप्पट) त्या वेगाशी नेमकी जुळते.

म्हणून पी४५ च घेतला. त्याच्या सॉकेटमध्ये, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या जागी, पिना बोर्डावरच असतात, म्हणून त्या भिंगाखाली पाहिल्या. कोपऱ्यातली एक किंचित कलली होती. तेवढ्यावर भाव उतरवून घेतला. कपॅसिटरचे माथे सपाट होते, फुगलेले नव्हते, हे माझ्या दृष्टीने किमतीपेक्षा महत्त्वाचे. नॉर्थब्रिजवरची (प्रोसेसर आणि रॅम यांना जोडणाऱ्या चिपवरची) उष्णता वाहून नेणारी पेस्ट मात्र खडूसारखी वाळली आहे आणि बस वाढवली की पहिला ताप तिथेच होतो, तेव्हा व्होल्टेजला हात लावण्याआधी ती बदलणार आहे.